आपा, आईनं बटण दाबलं होतं

आपा, मी तुमच्याशी दोनदा खोटं बोलले.

तुम्ही गेल्याला आज तीन आठवडे झाले. आयटीआयमधल्या तुमच्या जुन्या विद्यार्थिनींनी मागच्या आठवड्यात एक छोटी सभा ठेवली होती. एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलत होती. कुणाला तुम्ही सोल्डरिंग शिकवलं, कुणाला वाळूजच्या कारखान्यात नोकरीला लावलं, कुणाच्या सासऱ्यांना भेटून "हिला कामावर जाऊ द्या" असं ठणकावून सांगितलं. माझ्याकडं वळून त्या म्हणाल्या, "सुमनताई, तुम्ही तर दर रविवारी त्यांच्याकडं असायच्या. दोन शब्द बोला." मी नुसती मान हलवली आणि बसून राहिले. पोटात ही गोष्ट ठेवून तुमचं कौतुक करायला माझी जीभ उचलेना. म्हणून आज सगळं इथं लिहिते. त्यातलं निम्मं तुम्हाला माहीत होतं, हे मला आता कळलंय. तरी लिहिते.

आपली ओळख एका उडालेल्या फ्यूजमुळं झाली. मी कॉलेजात ग्रंथपाल. रद्दीत निघालेली इलेक्ट्रॉनिक्सची जुनी मासिकं घरी नेली आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मला हा छंद लागला. गुलमंडीच्या मागच्या बोळातल्या पार्टच्या दुकानात मी मल्टिमीटरचा फ्यूज मागत होते. तुम्ही शेजारी उभ्या होतात, काळा बुरखा, चष्म्याला दोरी, आणि हातात रेझिस्टरची पट्टी. माझ्याकडं न बघताच विचारलंत, "करंट मोजायला गेली होतीस ना?"

"हो."

"आणि मीटरची दोन्ही टोकं सरळ सेलला लावलीस."

तुम्ही हसलात. "अगं, व्होल्टेज बाहेरून विचारता येतं. करंटसाठी वायर तोडायची आणि मीटरला मधे बसवायचं. सगळा करंट त्याच्या पोटातून गेला पाहिजे, तेव्हा तो सांगतो किती गेला." मग दुकानदाराला म्हणालात, "हिला दोन द्या. दुसरा पण जाणार."

दुसरा चौथ्या दिवशी गेला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी सिडकोतून शहागंजला तुमच्या घरी येऊ लागले. खाली तुमच्या यजमानांची, रशीदभाईंची शिलाई मशीन चालू असायची, वर तुमचं टेबल. आपण काय काय केलं! पाण्याच्या टाकीचा अलार्म, गॅलरीतला सोलर दिवा, माझ्या ग्रंथालयातल्या कपाटांसाठी ओलावा सांगणारी डबी. आणि भांडलोही भरपूर. मला मोबाइलवर करंटचे आकडे दाखवणारं तयार सेन्सरचं मॉड्यूल हवं होतं, तर तुमचं म्हणणं, "नक्को. आधी हातानं मोज, वहीत लिही. मग त्या मॉड्यूलला विचार आणि बघ, तो खरं बोलतो का." मी तुम्हाला हट्टी म्हणायची. मोठ्या करंटला मॉड्यूल चांगलंच काम करतं, आपा, हे माझं मत आजही कायम आहे. बारीक करंटच्या बाबतीत तुमचं खरं होतं. तेवढंच कबूल करते.

आईला अर्धांगवायू झाला, तेव्हा तिला मी देवगाव रंगारीहून संभाजीनगरला माझ्याकडं आणलं. उजवी बाजू गेलेली, बोलणं तुटक. दादा म्हणाला होता, "तुझी नोकरी. तू एकटी. तुला जमणार हाय का तिला सांभाळायला?" मी ठसक्यात म्हटलं, "जमेल." सकाळी बाई यायची, मी तीनला घरी यायची, आणि बारा ते तीन आई एकटी. शेजारच्या कल्पनावहिनी म्हणाल्या, काही लागलं तर मी धावत येईन, फक्त मला कळलं पाहिजे. विकतची वायरलेस बेल आणून बघितली. तिचं बटण इतकं घट्ट, की आईच्या डाव्या हाताच्या अशक्त बोटांनी दाबलं जाईना.

मग आपण बनवली. फोमची उशीसारखी गादी, आत तांब्याच्या पातळ पत्र्याचे दोन तुकडे. नुसता तळहात टेकला तरी पुरे. गादीला जोडलेल्या प्लास्टिकच्या डबीत छोटा बोर्ड, रेडिओ आणि तीन पेन्सिल सेल. आईनं गादी दाबली की कल्पनावहिनींच्या ओट्यावर बेल वाजायची. पहिल्यांदा वाजली तेव्हा आई इतकी हसली, की तोंडातलं पाणी गळ्यावर आलं. तुम्ही ते पदरानं पुसलंत. तिच्याच पदरानं.

डबी बंद करायच्या आधी तुम्ही विचारलंत, "झोपेतला करंट मोजलास?"

बटण दाबलेलं नसताना बोर्ड झोपतो आणि त्या वेळी तो किती करंट घेतो, यावर सेल किती दिवस टिकणार ते ठरतं. हे तुम्ही मला दहादा सांगितलं होतं. मी इंटरनेटवर बघितलं होतं. तिथं लिहिलं होतं, झोपेत जवळजवळ काहीच घेत नाही. त्या आकड्यावरून मी हिशेबही मांडला होता, सेल दोन वर्षं जातील.

"मोजला," मी म्हणाले.

हे पहिलं खोटं. कारण काहीच नव्हतं हो. कंटाळा केला. वायर तोडा, मीटर मधे घाला, परत जोडा. आईची बेल वाजली होती, मला घाई झाली होती.

सहाव्या दिवशी दुपारी दोनला कॉलेजात कल्पनावहिनींचा फोन आला. त्या सहज डोकावल्या होत्या, तर आई पलंगाखाली पडलेली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. उजवा हात आधीच गेलेला, चालणारा होता तो हा एकच.

दवाखान्यात प्लास्टर घालेपर्यंत मी आईला काय म्हणत होते, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी म्हणत होते, "तू उठलीसच कशाला? बटण कशाला दिलंय?" आई म्हणायची, "दा... दाबलं." मी म्हणायची, "दाबलं असतं तर वाजलं नसतं का?" मग बाहेर जाऊन दादाला फोन केला आणि सांगितलं, आई बटण दाबायचं विसरली आणि स्वतःच उठायला गेली.

तिसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात. आईच्या उशाशी बसलात. आईनं प्लास्टरचा हात जरासा उचलून तुम्हालाही तेच सांगितलं, "दाबलं. बेल... नाय."

मी मागून म्हणाले, "आपा, तिला आठवत नाही नीट."

तुम्ही मान वळवली नाही. म्हणालात, "अम्मा म्हणतात दाबलं, म्हणजे दाबलं. सुमन, डबी आण. मोजू."

सेल मेलेले होते. नवे घातले आणि डबीच्या आत बोर्डावरचा बारका लाल दिवा लागला. डबी बंद असताना तो दिवसरात्र आत जळत होता, बाहेरून कुणाला दिसणार? तुम्ही एक वायर कापलीत, मीटर मधे लावलात. सोळा मिलिअँपिअर. झोपेत! रेडिओही झोपतच नव्हता, सारखा कान उघडा ठेवून बसला होता. सोळानं तीन सेल पाच दिवस पुरतात. सहाव्या दिवशी संपतात.

तुम्ही तो आकडा बघितलात. मग चष्म्यावरून मला बघितलंत. मग वही काढून लिहून घेतलंत आणि म्हणालात, "आपण डबी बंद करून निघून गेलो, आणि हा आत बसून सेल पीत होता."

आपण. तुम्ही आपण म्हणालात.

मग तुम्ही मला बसवून एकेक करून घेतलंत. रेडिओला झोपवणारी ओळ प्रोग्रॅममध्ये घातली, आकडा साडेतीनावर आला. दिवा तापवून उपटला, आकडा शून्याजवळ गेला. मग मीटर सर्वांत बारीक रेंजवर घेतला, तर नवीनच भानगड. गादी दाबली की बोर्ड मान टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. मला वाटलं, बोर्ड बिघडला. तुम्ही म्हणालात, "नाही. बारीक रेंजला मीटर स्वतःच व्होल्टेज खातो. बोर्ड जागा झाला की त्याला जास्त लागतं, तेवढं मीटर पोचू देत नाही." तुम्ही एक तुकडा वायर घेऊन मीटरच्या दोन टोकांवर पूल टाकलात. बोर्ड जागा झाला, बेल वाजली, बोर्ड परत झोपला. मग पूल अलगद काढलात आणि मीटरनं आकडा दाखवला. शेवटी बोर्डावरचा एक जास्तीचा भाग काढून टाकला, तेव्हा पाच मायक्रोअँपिअर उरले, आधीच्या तीन हजाराव्या भागाइतके.

"आता झोपला," तुम्ही म्हणालात. आई पलंगावरून सगळं बघत होती.

जाताना जिन्यात थांबून विचारलंत, "अम्माला सांगितलंस ना, त्यांची चूक नव्हती म्हणून? भावाला पण?"

"हो. दोघांना सांगितलं."

हे दुसरं.

दादाला कळलं असतं तर तो म्हणाला असता, चल आई, गावाकडं. मी हरले असते. इतकं साधं कारण. आणि आईला सांगितलं तर ती दादाला सांगणार, म्हणून आईलाही नाही. पुढं दादा दर वेळी आला की जाताना तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "आई, बटण दाबत जा बरं का." आई गादीकडं बघायची. मी चहाच्या कपबशा उचलायची.

ती बेल दोन वर्षं एकदाही चुकली नाही. सेल सुद्धा तेच. पण त्यानंतर मी दुसऱ्या कुणासाठी असली वस्तू केली नाही. तुमच्या गल्लीतल्या दोन घरांनी मागितली, मी टाळलं. मग रशीदभाईंचा कंपवात वाढला. मशीन बंद झाली, आवाज इतका बसला की दाराबाहेर पोचेना. दीड महिन्यापूर्वी तुम्ही म्हणालात, "सुमन, यांच्यासाठी एक कर."

"विकतची घ्या ना, आपा."

"विकतचं बटण त्यांच्या हाताला जमलं असतं तर तुला विचारलं असतं?"

"तुम्हीच करा. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येते."

"माझ्या डोळ्यांना आता बारीक सोल्डरिंग होत नाही. तुला माहीत आहे."

"आणि पुन्हा कुणी पडलं तर?"

"म्हणून तर मोजायचं!" तुमचा आवाज पहिल्यांदा चढला. "भीती वाटते तर दोनदा मोज. दहादा मोज. करायचंच नाही, हे काय?"

"माझ्याच्यानं नाही होणार."

तुम्ही मीटरच्या वायरी बोटांभोवती गुंडाळल्या, मीटर पेटीत ठेवला. "ठीक. राहू दे," म्हणालात. पुढचे दोन रविवार मी आले नाही. तिसऱ्या रविवारी येणार होते, खरंच येणार होते. त्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी जालन्याहून तुमच्या लेकीचा, समीनाचा फोन आला, अम्मी गेली. झोपेतून उठल्या, पाणी मागितलं, आणि संपलं.

तिसऱ्या दिवशी, तुमच्या जियारतीच्या प्रार्थनेला घर माणसांनी भरलेलं होतं. खालच्या खोलीत कुणी पढत होतं, बायका स्वयंपाकघरात. मी जिन्याजवळ उभी होते. कुठून तरी टिक टिक आवाज येत होता, बारीक. बराच वेळ मला वाटलं, नळ गळतोय. मग आतल्या खोलीत डोकावले. रशीदभाई पलंगावर आडवे झाले होते आणि चमच्यानं पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवत होते. त्यांना लघवीला जायचं होतं. घरात तीस माणसं, आणि कुणाला ऐकू येत नव्हतं. मी समीनाला बोलावलं. तोवर उशीर झाला होता. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

तिथं उभ्या उभ्या मी ठरवलं.

समीना आता वडिलांजवळच राहणार होती, तिच्याकडं वरच्या खोलीची किल्ली मागितली. कॉलेजात रजा टाकली. तुमच्याच टेबलावर, तुमच्याच मीटरनं रशीदभाईंची बेल करायला बसले. बोर्डावरचा दिवा पहिल्या दिवशीच काढला, रेडिओला झोपवलं, पाच मायक्रोअँपिअर आले. मला वाटलं, झालं. मग गादी रशीदभाईंच्या हाताखाली ठेवली, आणि कळलं की काहीच झालं नव्हतं. त्यांचा हात थरथरतो. दहा मिनिटांत गादी चाळीस वेळा दाबली गेली. बोर्ड चाळीस वेळा जागा झाला, बेल चाळीस वेळा वाजली. असं चाललं तर सेल तर संपणारच, त्याआधी समीना बेलच बंद करून ठेवेल. आईच्या हातावर काढलेला आकडा त्यांच्या हाताला लागू नव्हता. तुम्ही असतात तर हे मला पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं. मला दोन दिवस लागले.

फोम बदलला, जाड घेतला. पूर्ण एक सेकंद दाबून धरल्याशिवाय रेडिओ उठणार नाही, असा प्रोग्रॅम केला. मग पलंगाशेजारी स्टूल टाकून मीटर मांडीवर घेतला आणि तासभर त्यांच्या हाताकडं बघत बसले. त्या तासाभरात केव्हा तरी मी बोलले.

"रशीदभाई, आईच्या बेलचा करंट मी मोजला नव्हता. मोजला म्हणून आपांना सांगितलं."

त्यांचं बोलणं ऐकायला कान तोंडाजवळ न्यावा लागतो. "तिला... माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. घरी आली ती... लई चिडलेली. म्हणाली, मोजला असता तर सोळा दिसलाच असता ना."

"मला काहीच बोलल्या नाहीत."

"म्हणाली, सुमन सांगेल. स्वतःहून." मग दम घेऊन म्हणाले, "वाट बघितली तिनं."

आपा, त्या क्षणी मला तुमचा राग आला. येऊ नये, पण आला. तुम्ही विचारायला पाहिजे होतं. एकदा माझा कान धरून विचारायला पाहिजे होतं. दोन वर्षं दर रविवारी माझ्यासमोर चहा ठेवत होतात आणि वाट बघत होतात, हे मला कळलं कसं असतं? मग विचार केला, विचारलं असतं तर मी तिसऱ्यांदा खोटं बोलले असते, आणि त्यानंतर मी तुमच्या घरी आलेच नसते. हे तुम्ही ओळखलं होतं का? की नुसताच तुमचा हट्ट? याचं उत्तर आता कोण देणार.

रशीदभाईंनी गादीवरचा हात जरा सरकवला. "मोज," म्हणाले.

मी मोजलं. त्या तासाभरात थरथरीनं बोर्ड एकदाही उठला नाही. त्यांनी मुद्दाम पाच वेळा दाबून धरलं, पाचही वेळा वरून समीना खाली आली. तुमच्या वहीत तुमच्या अक्षराखाली मी सगळे आकडे लिहिले, आणि शेवटी लिहिलं, मोजणारी, सुमन. आठ दिवस रोज जाऊन सेल तपासले. गल्लीतल्या त्या दोन्ही घरांना हो म्हणून आलेय. एका घरी आजी आहेत, त्यांचे हात कोपरापुढं चालत नाहीत, कोपर तेवढं टेकवता येतं. त्यांच्या कोपरावर सगळं नव्यानं मोजावं लागेल.

काल तिथून घरी आले, तर संध्याकाळचे पाच वाजले होते. आई खुर्चीत बसून मटार सोलत होती. मनगट वाकडं जुळलंय, पण आता बोटं चालतात, मांडीवर दाबून एका हातानं शेंग फोडते. बोलणंही बरंच सुधारलंय तिचं. मी समोर बसले आणि थेट सांगितलं.

"आई, तू पडलीस त्या दिवशी तू बटण दाबलं होतंस. सेल संपले होते म्हणून बेल वाजली नाही. चूक माझी होती. मी मोजलं नव्हतं. आणि मला हे तिसऱ्याच दिवशी कळलं होतं."

तिनं हातातली शेंग तशीच धरली.

"मला वाटलं," ती म्हणाली, "येडी झाले म्या. दाबलं असं वाटतंय, पर दाबलं नसंल. डोस्कं गेलं आपलं."

दोन वर्षं, आपा. ती दर वेळी गादी तीनतीनदा दाबायची, ते मी बघत होते. मला वाटायचं, तिला घाई असते.

मी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तिनं ते हातानं बाजूला केलं.

"फोन लाव."

"कुणाला?"

"दादाला."

"उद्या लावते, आई. तो शेतात असेल आता."

"आत्ता."

मी लावला, स्पीकरवर टाकला. दादा म्हणाला, "हां, बोल गं, काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत आई खुर्चीतून पुढं वाकली, आणि एका दमात, न अडखळता बोलली.

"बटण म्या दाबलं व्हतं."

आईनं फोन माझ्याकडं ढकलला.

"आता तू सांग," ती म्हणाली.

आणि मी पहिल्यापासून सांगायला लागले.